अडल्या वेळी कोणता नंबर?

घरात कोणाला साप चावला, गोठ्याला आग लागली, सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या किंवा बांधावरच्या भांडणात कुऱ्हाडी निघाल्या, तर आता फोन हुडकत गावभर फिरावे लागत नाही. तो घरातल्या तीन-चार जणांच्या खिशात असतो. पूर्वी फोन नव्हता म्हणून माणसे दगावत. आता फोन हातात असतो, पण तो लावायचा कोणाला यावर अंगणात चार माणसांची चार मते पडतात. एक म्हणतो शंभर नंबर फिरव, दुसरा म्हणतो एकशे आठ, तिसऱ्याला टीव्हीवर पाहिलेला एकशे बारा आठवतो आणि चौथा शहाणा इंटरनेटवर दवाखान्याचा नंबर शोधत बसतो. तोवर पाच-दहा मिनिटे गेलेली असतात. नाग-घोणस चावलेल्या माणसाची किंवा पेटलेल्या गंजीची दहा मिनिटे म्हणजे थोडी नव्हेत.

हा गोंधळ लोकांच्या अडाणीपणामुळे होतो, असे म्हणण्याची शहरातल्या मंडळींना सवय आहे. आम्हांला ते पटत नाही. नंबरच इतके झाले आहेत की शिकलेला माणूसही चाचरतो. पोलिसांना १००, अग्निशामक दलाला १०१, रुग्णवाहिकेला १०२ आणि १०८, आरोग्याच्या सल्ल्याला १०४, बायकांच्या मदतीला १८१ आणि १०९१, मुलांसाठी १०९८, रेल्वेला १३९, राष्ट्रीय महामार्गाला १०३३, गॅस गळतीला १९०६, विजेच्या तक्रारीला १९१२, फोनवरून पैसे लुबाडले गेले तर १९३०, जनावर आजारी पडले तर १९६२. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर ११२. प्रत्येक खात्याने आपापल्या सोयीने एक नंबर घेतला आणि भिंतीवर रंगवला. ते सगळे पाठ करण्याचे काम मात्र लोकांवर सोडले.

ज्यांनी जुने दिवस पाहिले आहेत त्यांना आठवत असेल, त्या काळी हा प्रश्न फार सोपा होता. गावात फोन असला तर एकच, पोस्टात किंवा फार तर सोसायटीच्या कचेरीत. नंबर लक्षात ठेवायचे ते तीन-चार. परगावी बोलायचे तर ट्रंक बुकिंगचा १८०, फोन बिघडला तर १९८, आणि कोणाचा नंबर ठाऊक नसला तर १९७. या १९७ ला ‘डिरेक्टरी एन्क्वायरी’ म्हणत. पलीकडच्या बाई आडनाव विचारीत, गाव विचारीत आणि जाड पुस्तकात बघून नंबर सांगत. पाटील किंवा जाधव विचारले तर त्यांचीही पंचाईत होई, कारण त्या आडनावांची पानेच्या पाने असत. पण एक गोष्ट पक्की होती. त्या बाई खात्याच्या नोकर होत्या आणि त्यांनी सांगितलेला नंबर खात्याने स्वतः जोडून दिलेला असे. तो चुकीचा निघाला तर फार तर राँग नंबर लागे, खिसा कापला जात नसे. १९७ ची ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचा आजच्या फसवणुकीशी जवळचा संबंध आहे. त्याकडे पुढे येतो.

संकटासाठी एकच सोपा नंबर असावा ही कल्पना विलायतेत निघाली, तीही एका दुर्घटनेतून. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका डॉक्टरांच्या घराला आग लागून पाच स्त्रिया मरण पावल्या. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी फोन उचलला होता, पण ऑपरेटरकडे इतर फोनांची रांग होती आणि त्यांचा फोन त्या रांगेत अडकून पडला. त्यांनी चिडून वर्तमानपत्राला पत्र लिहिले, त्यावर चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. हा फोन आला की एक्सचेंजमध्ये वेगळा दिवा लागे आणि भोंगा वाजे. १११ हा त्याहून सोपा नंबर का घेतला नाही? वाऱ्याने तारा एकमेकींना घासल्या की जुन्या यंत्राला कोणी एक-एक-एक फिरवल्यासारखे वाटे, म्हणून. अमेरिकेत ९११ नंबरावरचा पहिला फोन फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या लहान गावातून लागला. पुढे तिथे लोकांना मुद्दाम शिकवावे लागले की ‘नऊ-अकरा’ म्हणू नका, ‘नऊ-एक-एक’ म्हणा. कारण घाबरलेले मूल फोनवर अकराचे बटण शोधत बसते. ही गंमत म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही ‘एकशे आठ’ ऐकून कोणी एक, शून्य, शून्य आणि मग आठ दाबू शकतो. पोरांना नंबर शिकवताना एक-शून्य-आठ, एक-एक-दोन असाच शिकवावा.

आपल्या देशात ११२ आला तो फार उशिरा. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अत्याचारानंतर देशभर संताप उसळला. पोलीस, दवाखाना, अग्निशामक या सगळ्यांना मिळून एकच नंबर हवा, ही मागणी तेव्हा पुढे आली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये ११२ ची शिफारस केली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात तो पहिल्यांदा सुरू झाला. त्यानंतर तो इतर राज्यांत पसरला आणि महाराष्ट्रातही आला. आता आपल्या राज्यात ११२ लावला की फोन तालुक्याच्या ठाण्यात न जाता राज्याच्या मोठ्या केंद्रात जातो. तिथले कर्मचारी माहिती घेतात, पडद्यावर नकाशा पाहतात आणि जवळच्या पोलिसांच्या गाडीला निरोप देतात.

जुना १०० नंबर मोडीत काढलेला नाही. जुने नंबर हळूहळू ११२ कडे वळवावेत अशी योजना आहे. तेव्हा घाबरलेल्या वेळी कोणी शंभर फिरवला तर त्याच्यावर ओरडू नका. मात्र जिल्ह्याच्या हद्दीवर राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. मोबाइलवरून शंभर लावला तर तो ज्या टॉवरने उचलला त्याच्या जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला लागे, आणि टॉवर नदीपलीकडच्या जिल्ह्यातला असला तर तिथले लोक म्हणत, ‘हे आमच्याकडे येत नाही.’ ११२ चे केंद्र साऱ्या राज्याचे असल्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

मग रुग्णवाहिकेला कोणता? इथे खरा घोळ आहे, कारण नंबर दोन आहेत आणि दोन्ही सरकारचेच. १०८ ही अचानक आलेल्या संकटाची गाडी आहे. अपघात, सर्पदंश, छातीत कळ, विषबाधा, भाजणे, विजेचा धक्का, अडलेली बाळंतीण, यांसाठी. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, हे तिचे मोठे वैशिष्ट्य. जपमाळेचे मणी एकशे आठ, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्याही हा नंबर चटकन तोंडी बसला. आता तर खेड्यात लोक गाडीलाच ‘एकशे आठ’ म्हणतात. १०२ चे काम वेगळे. ही गरोदर बाई, बाळंतीण आणि वर्षाच्या आतले आजारी मूल यांची गाडी. घरून सरकारी दवाखान्यात नेणे, तिथून मोठ्या दवाखान्यात न्यायचे झाले तर नेणे आणि बाळंतपण झाल्यावर आईला आणि बाळाला घरी आणून सोडणे, हे सारे फुकट. केंद्र सरकारच्या २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने हा हक्क दिला आहे. पुष्कळ घरांना हे परत सोडण्याचे ठाऊक नसते आणि ओल्या बाळंतिणीला भाड्याच्या जीपमधून किंवा मोटारसायकलवर बसवून आणतात. दवाखान्यातून निघण्यापूर्वी तिथल्या नर्सबाईंना किंवा गावातल्या आशाताईंना विचारावे. १०८ ची गाडी मात्र घरी सोडायला येत नाही. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही, तेवढ्या वेळात तिला दुसरीकडे जायचे असते.

सापाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. १०८ ला फोन केल्यावर गाडी येईपर्यंत माणसाला चालवू नका, पळवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, करकचून दोरी बांधू नका, ब्लेडने कापू नका आणि तोंडाने रक्त ओढू नका. हातातल्या अंगठ्या, कडी, पायातली जोडवी सूज येण्याआधी काढा. मांत्रिकाकडे जाऊन येतो, मग बघू, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांचे ऐकू मात्र नका. विषावरचे औषध दवाखान्यातच असते.

आता १०१ चे. शहरात हा नंबर लावला तर लाल बंब येतो. खेड्यात बंब येतो तो तालुक्याच्या नगरपालिकेतून किंवा जवळच्या साखर कारखान्यातून. म्हणून उसाला किंवा कडब्याच्या गंजीला आग लागली तर ११२ ला कळवावेच, पण आपल्या तालुक्याच्या अग्निशामक दलाचा आणि कारखान्याचा थेट नंबर ग्रामपंचायतीने आधीच विचारून ठेवलेला बरा. हे काम उन्हाळा लागण्याआधी करायचे. गंजी पेटल्यावर नंबर शोधायला वेळ कोणाला असतो?

नंबर लागला, पुढे काय?

आमच्या मते अर्धा घोळ नंबर लावल्यानंतर होतो. समजा, रात्री दहा वाजता एका मळ्यातून फोन जातो. ‘लवकर या, आमच्या दादाला ट्रॅक्टरने दाबलंय!’ पलीकडून विचारतात, ‘कुठून बोलता?’ ‘मळ्यातून!’ ‘कोणतं गाव?’ ‘वडगाव!’ महाराष्ट्रात वडगावे किती, पिंपळगावे किती, याचा हिशेब कोणी करू नये. गावाचे सोडा, तालुकेसुद्धा जोडीने आहेत. खेड तालुका पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडात आहे आणि पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही. मालेगाव नाशकात आणि वाशीममध्ये, कळंब यवतमाळात आणि धाराशिवमध्ये. फोन राज्याच्या केंद्रात जातो, तिथल्या मुलीला तुमचा तालुका तुमच्या आवाजावरून कळत नाही. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वस्ती, असे वरून खाली सांगावे. आपण नेमके उलटे सांगतो.

त्यात बुद्रुक आणि खुर्द ही आणखी एक पीडा. बुद्रुक म्हणजे मोठे, खुर्द म्हणजे लहान. फारसीतून आलेले हे शब्द गावाच्या नावाला चिकटून बसले आहेत. बोलताना आपण ते गाळतो, कारण आपल्याला गाव ठाऊकच असते. पण एक गाव नदीच्या अलीकडे आणि दुसरे पलीकडे असे पुष्कळ ठिकाणी असते. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी चुकीच्या काठावर येऊन उभी राहिली, तर समोर आपली वस्ती दिसत असूनही तिला मोठा वळसा घालावा लागतो. बुद्रुक की खुर्द, हा एवढासा शब्द त्या रात्री एखाद्याच्या आयुष्याएवढा मोठा असतो.

काही जण मोठ्या तपशिलाने गट नंबर सांगतात. गट नंबर तलाठ्याला कळतो, गाडीच्या ड्रायव्हरला नाही. त्याला खूण हवी. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या फाट्यावरून आत, डावीकडे पाण्याची टाकी की उजवीकडे शाळा, हे सांगावे. महामार्गावर अपघात झाला असेल तर कडेचा किलोमीटरचा दगड पाहावा आणि त्यावरचा आकडा सांगावा. मोबाइलवरून ठिकाणाचा अंदाज केंद्राला येतो हे खरे, पण साध्या फोनचा अंदाज टॉवरवरून बांधतात आणि रानात एक टॉवर लांबपर्यंतचा मुलूख सांभाळतो. म्हणून गाडी निघाली असे कळले की एका माणसाला हातात बॅटरी देऊन फाट्यावर उभे करावे, हा जुना उपाय आजही सगळ्यात चांगला. आणि ज्या फोनवरून बोललात तो मोकळा ठेवा. ड्रायव्हर रस्ता विचारायला त्याच नंबरावर फोन करतो, आणि आपण तोवर मुंबईच्या मामाला हकीकत सांगत असतो.

‘रेंज नाही’ म्हणून हातपाय गाळू नका. आपल्या कंपनीचा टॉवर नसला आणि दुसऱ्या कंपनीचा असला, तर फोनवर फक्त आणीबाणीचे फोन लागतील अशा अर्थाची अक्षरे येतात. त्या वेळीही ११२ लागू शकतो, कारण तो कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून जातो. कोणताच टॉवर नसेल तर मात्र इलाज नाही. टेकडी चढावी लागते. सरकारने मोबाइल बनवणाऱ्यांना २०१७ पासून एक सोयही सक्तीची केली. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण बराच वेळ दाबून धरले की, आणि मोठ्या पडद्याच्या फोनवर चालू-बंदचे बटण भराभर तीनदा दाबले की आणीबाणीचा फोन लागतो. फोनाफोनांत यात थोडा फरक असतो, तेव्हा आपल्या फोनला कोणते बटण चालते ते घरातल्या शिकलेल्या पोराकडून समजून घ्यावे.

भिंतीवरच्या आकड्यांबद्दलही सांगण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नंबर मराठी आकड्यांत असतो आणि फोनवरची बटणे इंग्रजी आकड्यांची. ज्यांची शाळा दुसरी-तिसरीत सुटली त्यांना मराठी आकडे बरे येतात, इंग्रजी अर्धवट. आता पाहा, मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. म्हणजे भिंतीवरचा १०४ पाहून कोणी बटणे शोधू लागला तर तो भलतेच काही दाबील. ज्या पंचायती नंबर रंगवतात त्यांनी मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी रंगवावेत. चुन्याला आणि रंगाला असा कितीसा खर्च येतो? आणि जुने नंबर पुसावेतही. रेल्वेचा सुरक्षेचा १८२ नंबर १ एप्रिल २०२१ पासून बंद झाला आणि त्याचे काम १३९ कडे गेले. लुबाडणुकीच्या तक्रारीचा १५५२६० हा नंबर जाऊन १९३० आला. जुना नंबर भिंतीवर राहून गेला तर तो नसलेल्या पुलाच्या पाटीसारखा घात करतो.

१९७ गेला आणि ठक आले

लँडलाइन कमी झाल्या तशी टेलिफोनची जाड डिरेक्टरी आणि १९७ ची सवयही गेली. मोबाइल नंबरांची सार्वजनिक डिरेक्टरी तर आपल्या देशात निघालीच नाही. मग बँकेचा, गॅस एजन्सीचा, कुरियरचा, खताच्या कंपनीचा नंबर पाहिजे असला की पोरे इंटरनेटवर शोधतात. वाचकहो, इथेच मेख आहे. १९७ वर नंबर सांगणारी बाई खात्याची होती. इंटरनेटवर नंबर टाकणारा कोण आहे हे कोणी विचारीत नाही. ठकांनी हे ओळखले आणि बँकांच्या नावाने आपलेच मोबाइल नंबर तिथे पेरून ठेवले. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांवर एक पुस्तिका काढली, तिच्यात या प्रकाराचा मुद्दाम उल्लेख आहे.

हे घडते कसे ते पाहा. समजा, कांद्याचे पैसे खात्यात आले आणि त्यातले चार हजार बियाण्याच्या दुकानदाराला फोनवरून पाठवले. पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराला पोचले नाहीत. माणूस घाबरतो आणि बँकेचा नंबर शोधतो. सापडलेल्या नंबरावर फार गोड बोलणारा साहेब भेटतो. तो म्हणतो, काका, तुमचे पैसे अडकलेत, मी लगेच परत करतो, फक्त एवढे एक ॲप घ्या. त्या ॲपमुळे तुमच्या फोनचा पडदा त्याला त्याच्या घरी बसून दिसू लागतो. किंवा तो म्हणतो, पैसे परत घेण्यासाठी तुमचा गुप्त पिन टाका. आणि हे तर प्रत्येकाने काळजावर कोरून ठेवावे की फोनवरून पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. चार हजार परत आणायला गेलेल्याचा कांद्याचा सगळा पैसा जातो. चोर घरी आला नाही, माणसाने स्वतः फोन करून त्याला बोलावले, म्हणून त्याला पोलिसांत जायचीही लाज वाटते. अशी लाज बाळगू नये. फसणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोक पुष्कळ असतात.

खरा नंबर शोधायला इंटरनेट लागत नाही, तो घरातच असतो. बँकेचा नंबर पासबुकावर आणि एटीएम कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, गॅसचा सिलिंडरच्या पुस्तकात, विजेचा बिलावर, खतबियाण्याचा पिशवीवर आणि पावतीवर. फोनवर नाव दाखवणारी जी ॲपे असतात त्यांच्यावरही विसंबू नका. लोकांनी ज्या नावाने नंबर साठवला तेच नाव ती दाखवतात. ठकाने ‘बँक मॅनेजर’ म्हणून आपले नाव पसरवले तर तेच दिसेल. आपल्याला येणाऱ्या फोनांबद्दल रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना असे बजावले की कामाच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर वापरा आणि जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला तर त्याला म्हणावे, ठेवा फोन, मी उद्या शाखेत येतो.

आणि पैसे गेलेच तर रात्र असो की दिवस, ताबडतोब १९३०. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात भराभर फिरवतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. ते काढायच्या आत खबर गेली तर मधल्या बँकेत रक्कम अडवून धरता येते. सकाळी भावाला विचारू, मग तालुक्याला जाऊ, असे करण्यात ती वेळ निघून जाते. फोन करताना खाते कोणत्या बँकेत, किती रुपये गेले, किती वाजता, आणि बँकेचा जो संदेश आला त्यातला व्यवहाराचा नंबर, एवढे जवळ ठेवावे. संदेश पुसू नका, तोच पुरावा.

संकटाचे नसलेले पण उपयोगाचे नंबर थोडक्यात सांगतो. जनावरांसाठी १९६२ लावला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळते. पोटफुगी झालेल्या किंवा अडलेल्या गाईसाठी तालुक्याच्या डॉक्टरांची वाट पाहत बसण्यापेक्षा हा फोन आधी करावा. शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. त्याचा नंबर १८००-१८०-१५५१, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, मराठीत आणि फुकट. पीकविम्याच्या तक्रारीचा नंबर वेगळा आहे, १४४४७. किसान कॉल सेंटरवाल्यांशी विम्यावरून भांडू नये. पूर आला तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. मोबाइलवरून तो लावताना आधी जिल्ह्याचा एस.टी.डी. कोड लावा असे अनेक जिल्हा कचेऱ्या सांगतात, आणि ही गोष्ट पाणी अंगणात येण्याआधी तपासलेली बरी. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला १८१ वर सल्ला आणि आसरा यांची माहिती मिळते. हात उगारलेला असेल त्या क्षणी मात्र ११२. गावात कोणी अल्पवयीन मुलीचे लग्न ठरवीत असेल तर १०९८ ला कळवावे. हा मुलांचा नंबर १९९६ साली मुंबईत सुरू झाला.

आणखी एक नंबर असा आहे की तो भिंतीवर फारसा दिसत नाही. १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ सेवा. कर्ज, नापिकी, घरातली भांडणे यांनी मन खचले, झोप उडाली, जगण्यावरून मन उठले, तर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. ज्याला गरज असते तो बहुधा स्वतः लावीत नाही. बायकोने, भावाने, मित्राने लावून दिला तरी चालतो.

बारीकसारीक दोन गोष्टी राहिल्या. ज्यांच्याकडे अजून लँडलाइन आहे त्यांना १५ जानेवारी २०२१ पासून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो. पुष्कळ म्हातारी माणसे अजूनही शून्य विसरतात आणि पोराचा फोन बंद आहे असे समजून काळजी करीत बसतात. आणि दुसरी गोष्ट, लहान मुलाच्या हातून किंवा खिशातल्या खिशात बटण दाबले जाऊन ११२ लागला तर घाबरून फोन तोडू नका. तोडला तर काहीतरी घडले असेल म्हणून तिकडून परत फोन येतो, आणि आपण तो उचलला नाही तर तिथल्या माणसांचा वेळ आपल्या मागे जातो. ‘चुकून लागला साहेब, सगळे ठीक आहे’ एवढे सांगून मग ठेवावा. ते रागावत नाहीत.